खाडीच्या गाळाची साक्ष

(धर्मग्रामाच्या सुवर्ण ज्युबिलीच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं वक्त्यानें गतकाळाचें गुणगान करावें, देवालय उभारणाऱ्या पूर्वजांचें कृतज्ञतेनें स्मरण करावें व पुढील पिढीचें कल्याण चिंतावें, अशी रीत आहे. ती रीत मोडण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु जुन्या करारांत सांगितलेला ज्युबिलीचा विधि आपण लक्षांत आणाल, तर पन्नासावें वर्ष हें केवळ उत्सवाचें वर्ष नव्हतें, असें आपणांस दिसून येईल. त्या वर्षीं भूमीला विसांवा द्यावयाचा, विकलेली जमीन मूळ कुळास परत करावयाची व दास झालेल्यांस मोकळें करावयाचें, असा नियम होता. सारांश, भूमीशीं व शेजाऱ्याशीं असलेला आपला हिशेब चुकता करण्याचें तें वर्ष होय. म्हणून आज आम्ही आपणांपुढें एका हिशेबाचाच विषय मांडणार आहों. हा हिशेब कोणत्याही वहींत लिहिलेला नाहीं. आपल्या गांवांच्या दक्षिणेस पसरलेल्या वसईच्या खाडीच्या चिखलांत तो लिहिलेला आहे.

ही खाडी म्हणजे उल्हास नदीचें मुख. सह्याद्रींत उगम पावून, कर्जत, बदलापूर व कल्याण यांच्या जवळून वाहत ही नदी ठाण्याच्या बाजूस येते, आणि वसई व साष्टी यांच्यामधून समुद्रास मिळते. तिच्या दोन्ही तीरांवर आपल्या लोकांची वस्ती आहे. नायगांव व पाचूबंदर इकडे, भाईंदर व उत्तन तिकडे. कोळंबी, बोय, चिंबोऱ्या, निवटे आणि खडकांवरचीं कालवें हीं कित्येक पिढ्यांचें अन्न झालीं. ओहोटीच्या वेळीं गुडघाभर चिखलांत उतरून पाटी भरून आणणाऱ्या स्त्रियांनीं आपल्या लेंकरांस वाढविलें, शिकविलें, आणि त्याच पाटींतला एक हिस्सा देवालयाच्या बांधकामासही दिला. ज्या खाजणास नवखा माणूस निरुपयोगी दलदल म्हणतो, तें खाजण माशांच्या पिलांचा पाळणा आहे. तिवरांच्या मुळ्यांत तीं लपतात, पोसतात व मोठीं होऊन समुद्रांत जातात.

आतां नदीच्या वरच्या अंगास काय घडलें तें पाहूं. देशाच्या फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणींत निर्वासितांची वस्ती झाली व १९४९ सालीं तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. पुढें अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवली येथें औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. अंबरनाथ व उल्हासनगर यांमधून येणारी वालधुनी नदी कल्याणपाशीं उल्हासला मिळते, ती शहरांचें व कारखान्यांचें पाणी घेऊनच. आपणही मागें राहिलों नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर भरली. जेथें भाताचीं खाचरें व केळीच्या बागा होत्या, तेथें चाळी, इमारती व कारखान्यांचे गाळे झाले. ह्या साऱ्यांचें पाणी शेवटीं जातें कोठें? उतार ज्या दिशेस आहे त्या दिशेस, म्हणजे खाडींत.

सांडपाण्यांतील घाण दोन प्रकारची असते. मैला, कुजका पाला, अन्नाचें खरकटें ही घाण कितीही किळसवाणी असली तरी वारा, ऊन व जंतु मिळून तिचें विघटन करितात. दुसरा प्रकार जड धातूंचा: पारा, शिसें, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, तांबें, जस्त. ह्यांपैकीं तांबें व जस्त अल्प प्रमाणांत शरीरास हवें असतें. पारा, शिसें व कॅडमियम ह्यांचा शरीरास कसलाही उपयोग नाहीं. हे धातु मूलद्रव्यें असल्यामुळें त्यांचें विघटन होत नाहीं. शिसें शंभर वर्षांनींही शिसेंच राहतें. तें एका जागेहून दुसऱ्या जागीं जाईल, एका पदार्थाशीं असलेला संयोग सोडून दुसऱ्याशीं करील; पण नाहींसें होणार नाहीं.

मग तें राहतें कोठें? नदीचें गोडें पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यास भेटतें तेथें मातीचे अतिसूक्ष्म कण एकमेकांस चिकटून जड होतात व तळाशीं बसतात. तिवरांच्या मुळ्या प्रवाहाचा वेग मोडून ह्या कामास साहाय्य करितात. ह्या चिकणमातीच्या कणांस, त्यांवरील लोहाच्या तांबूस लेपास व कुजलेल्या पाल्यास धातु चिकटतात. चिखलाच्या वरच्या पातळ थराखालीं हवा पोंचत नाहीं. तेथें चिखल काळा असतो व त्यास कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं अनुभविलें आहे. हा वास गंधकाचा. तेथील गंधकाशीं शिसें, जस्त, तांबें, कॅडमियम यांचा संयोग होऊन पाण्यांत सहसा न विरघळणारीं संयुगें बनतात. अशा रीतीनें चिखल आमचें विष आपल्या पोटांत घेऊन धरून ठेवतो. वरचें पाणी तपासलें तर तें पुष्कळदां बरें दिसतें. पाणी कालचा अपराध आज विसरतें. चिखल विसरत नाहीं.

शास्त्रज्ञ हा चिखल एखाद्या जुन्या दप्तराप्रमाणें वाचतात. एक लांब नळी सरळ खालीं रोंवून ते गाळाचा उभा स्तंभ बाहेर काढितात व त्याचे पातळ पातळ काप करितात. प्रत्येक काप कोणत्या काळचा, हें ओळखण्यास निसर्गानेंच खुणा ठेविल्या आहेत. शिशाचा एक किरणोत्सर्गी प्रकार दर बावीस वर्षांनीं निम्मा होतो. तो किती उरला यावरून थराचें वय कळतें. अणुबाँबच्या चांचण्यांनीं जगभर पसरलेल्या सीझियमची सर्वांत दाट रेघ सन १९६३ च्या सुमाराची असते. जेथें वर्षाकाठीं एक सेंटिमीटर गाळ बसतो, तेथें आपल्या धर्मग्रामाचीं पन्नास वर्षें अवघ्या अर्ध्या मीटरांत मावतात. आपल्या ज्युबिलीच्या अंकांत जें छापावयाचें राहून गेलें, तें त्या अर्ध्या मीटरांत आहे.

आमच्या खाडीचें हें वाचन झालेलें आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं ह्या शतकाच्या आरंभीं उल्हासच्या खाडीतील गाळाचा पाऱ्याच्या दृष्टीनें अभ्यास प्रसिद्ध केला, व नैसर्गिक प्रमाणाहून पारा पुष्कळ अधिक असल्याचें दाखविलें. हा पारा मुख्यतः कॉस्टिक सोडा व क्लोरीन बनविण्याच्या उद्योगांतून आला. त्या उद्योगाच्या जुन्या पद्धतींत मिठाच्या पाण्यांतून वीज नेतांना पाऱ्याचा उपयोग करीत व त्यांतला कांहीं अंश सांडपाण्याबरोबर बाहेर जाई. पुढें निर्बंध आले, आणि भारतांत ती पद्धत आतां बहुतेक सर्वत्र सोडण्यांत आली आहे. हें चांगलेंच झालें. पण जो पारा एकदां गेला, तो गाळांतच आहे.

बंधुभगिनींनो, पारा चिखलांत निपचित पडून राहता तर भय थोडें होतें. परंतु हवा नसलेल्या चिखलांतले कांहीं जंतु साध्या पाऱ्याचें मेथिल पारा नांवाच्या विषांत रूपांतर करितात. तो सूक्ष्म जीवांच्या शरीरांत शिरतो. सूक्ष्म जीवांस लहान मासे खातात, लहान माशांस मोठे मासे, व मोठ्या माशांस माणूस. प्रत्येक पायरीस विषाचें प्रमाण वाढत जातें. ह्याचा शेवट कोठें होऊं शकतो, हें जगानें एका ठिकाणीं पाहिलें आहे, आणि तें ठिकाण आम्हां वसईकरांस सर्वस्वीं परकें नाहीं.

आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांनीं १५९७ सालच्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस जपानांत नागासाकी येथें क्रुसावर आपला प्राण अर्पण केला. नागासाकी क्यूशू बेटावर आहे. त्याच बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, आंतल्या शांत समुद्राच्या कांठीं, मिनामाता नांवाचें गांव आहे. तेथील लोक आपल्यासारखेच मासळीवर जगत. गांवांतल्या एका रासायनिक कारखान्यानें १९३२ पासून १९६८ पर्यंत पारामिश्रित पाणी समुद्रांत सोडिलें. प्रथम मांजरें वेड्यासारखीं नाचून मरूं लागलीं. मग माणसांचे हातपाय बधिर झाले, दृष्टि अधू झाली, वाचा गेली. १९५६ सालच्या मे महिन्याच्या १ तारखेस ह्या रोगाची अधिकृत नोंद झाली. सर्वांत हृदयद्रावक गोष्ट ही कीं, ज्या मातांस स्वतःस फारसा त्रास जाणवला नव्हता, त्यांच्या पोटीं जन्मतःच पंगु बालकें आलीं. आईच्या शरीरांतलें विष गर्भानें आपल्यावर घेतलें होतें.

ह्या कथेंत विषाइतकाच मौनाचाही भाग आहे. १९५९ सालीं कारखान्याच्याच रुग्णालयांतील डॉक्टर होसोकावा ह्यांनीं तेथील सांडपाणी मांजराच्या अन्नांत घालून पाहिलें. त्या मांजरास तोच रोग झाला. हा प्रयोग दडपून ठेवण्यांत आला. त्याच वर्षीं कारखान्यानें पाणी शुद्ध करण्याचें एक यंत्र समारंभपूर्वक बसविलें. पण तें ह्या विषारी पाऱ्यासाठीं योजलेलेंच नव्हतें. आपला माल कोणी घेणार नाहीं ह्या भयानें कित्येक मच्छीमार कुटुंबें आजार लपवीत, व शेजारी त्यांस टाळीत. सरकारनें १९६८ सालीं कारण मान्य केलें. तोंवर बारा वर्षें लोटलीं होतीं.

आणि कारखान्याचें पाणी थांबल्यावर तरी सारें संपलें काय? नाहीं. पारा खाडीच्या तळाशीं होता. १९७७ पासून १९९० पर्यंत सुमारें पंधरा लाख घनमीटर गाळ काढून वा जागच्या जागीं बंदिस्त करून अठ्ठावन्न हेक्टर भराव करावा लागला. दूषित मासे बाहेर जाऊं नयेत म्हणून खाडीच्या तोंडाशीं घातलेलें जाळें १९९७ सालीं काढण्यांत आलें. छत्तीस वर्षांचें पाप आवरावयास पुढें एकोणतीस वर्षें लागलीं, आणि पंगु झालेलीं बालकें तर कधींच बरीं झालीं नाहींत. पाऱ्याविषयींच्या जागतिक कराराला २०१३ सालीं मिनामाताचेंच नांव देण्यांत आलें. भारतानें तो २०१८ सालीं मान्य केला.

वसईची खाडी म्हणजे मिनामाता, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. गाळांत धातु असणें व तो माशांत येणें ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माशाची जात, वय, तो काय खातो व कोठें राहतो, ह्यांवर पुष्कळ अवलंबून असतें. पारा मुशीसारख्या मोठ्या व पुष्कळ वर्षें जगणाऱ्या शिकारी माशांत अधिक सांठतो, लहान माशांत कमी. कालवें जस्त, तांबें व कॅडमियम सांठवितात. म्हणून तपासल्यावांचून सर्व मासळीवर डाग लावणें हा गरिबाच्या पाटीवर घातलेला दरोडा होईल. आणि तपासण्यास नकार देणें हा त्याच गरिबाच्या लेंकरांवरचा अन्याय होईल. आमच्या कोळी बांधवांचें म्हणणें आम्हीं ऐकिलें आहे: "हा विषय काढूं नका; बाजार बसेल." त्यांचें भय खरें आहे व त्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणास नाहीं. परंतु मौनानें बाजार वांचतो तो कांहीं दिवस, हें मिनामाताच्या मच्छीमारांस आपल्या घरांतच कळून आलें.

आतां दुसऱ्या एका धोक्याकडे आपलें लक्ष वेधितों. जो चिखल विष धरून ठेवतो, तो खणला, उपसला अथवा वाळविला म्हणजे काय होतें? गंधकाच्या संयुगांस हवा लागते; तीं मोडतात, आम्ल तयार होतें, व बांधलेले धातु मोकळे होऊन पाण्यांत येतात. तिवरें तोडलीं म्हणजे गाळ धरणाऱ्या मुळ्या जातात. आपल्या खाजणांत रात्रीं राडारोडा टाकून भराव करणारे केवळ झाडें मारीत नाहींत. बंद पेटींतलें विष ते उघडें करितात. मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं तिवरांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असा निर्णय दिला. २०२२ सालीं शेजारच्या ठाणे खाडीस रामसर यादींत, म्हणजे जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांत, स्थान मिळालें. कायदा आहे, मान आहे. उणीव आमच्या वागणुकींत आहे.

"आमच्या" हा शब्द आम्हीं जाणूनबुजून वापरला. दोष वरच्या शहरांचा, कारखानदारांचा, सरकारचा, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण आमचीच एक गोष्ट आपणांस सांगणें भाग आहे. सुमारें वीस वर्षांपूर्वीं वडिलोपार्जित जमिनीच्या कोपऱ्यांत बांधलेला एक गाळा आम्हीं एका गृहस्थास भाड्यानें दिला होता. नळांच्या तोट्यांस निकेल व क्रोम चढविण्याचें काम तेथें चाले. भाडें महिन्याच्या महिन्यास हातीं येई. गाळ्यामागच्या नाल्यांत पिवळें पाणी वाहतांना आम्हीं स्वतः पाहिलें. तें कोठें जातें हेंही आम्हांस ठाऊक होतें. कारण त्याच नाल्याच्या तोंडाशीं लहानपणीं आम्हीं चिंबोऱ्या धरिल्या होत्या. तरी आम्हीं विचारलें नाहीं. विचारलें असतें तर कदाचित् भाडें गेलें असतें. चार वर्षांनीं तो गृहस्थ आपण होऊन निघून गेला. आज त्या नाल्यांत पिवळें पाणी नाहीं. पण त्या चार वर्षांचें क्रोमियम व निकेल नाल्याच्या तोंडाशीं चिखलांत आहे, आणि तें आमच्या नांवावर आहे. गाळ्याचें भाडें आम्हीं खाल्लें; गाळ शेजाऱ्याच्या वांट्यास गेला.

धर्मशिक्षणाच्या वर्गांत आपण लहानपणीं शिकलों कीं, योग्य पापनिवेदनास पांच गोष्टी लागतात: सदसद्विवेकबुद्धीचें परीक्षण, पश्चात्ताप, पुन्हां पाप न करण्याचा निश्चय, कबुली आणि भरपाई. खाडीच्या बाबतींतही ह्याच पांच गोष्टी लागतात, असें आम्हांस वाटतें.

परीक्षण म्हणजे तपासणी. गाळाची, मासळीची, कालवांची तपासणी जाणत्या संस्थेकडून वरचेवर व्हावी व तिचा निकाल सोप्या मराठींत देवालयाच्या सूचनाफलकावर लागावा, अशी मागणी आपण सर्वांनीं मिळून करावी. शेतकरी, कोळी, नोकरदार, सर्वांच्या सह्या तींत असाव्यात. म्हणजे भार एकट्या कोळ्यांवर पडणार नाहीं.

पश्चात्ताप प्रत्येकाचा त्याच्यापाशीं. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकांत भूमीचा आक्रोश व गरिबाचा आक्रोश वेगळे काढतां येत नाहींत, हें जगास शिकविलें. आमच्या खाडीच्या कांठीं तर ते दोन्ही एकाच पाटींतून ऐकूं येतात.

निश्चय असा कीं, आपला गाळा भाड्यानें देतांना करारांत लिहून घ्यावें: पाणी कोठें जाणार, प्रदूषण नियंत्रण मंडळाचें संमतिपत्र आहे कीं नाहीं, व उरलेला गाळसाळ शासनमान्य ठिकाणीं पोंचविल्याच्या पावत्या. ज्यास हें सांगतां येत नाहीं, त्यास गाळा देऊं नये. खाजणाची जमीन भरावासाठीं विकूं नये. आपल्या घराच्या दुरुस्तीचा राडारोडा कोठें जातो तेंही विचारावें. निकामी बॅटऱ्या, नळीचे दिवे, मोडके मोबाईल व पाऱ्याचे तापमापक कचऱ्यांत टाकूं अथवा जाळूं नयेत. तीं धर्मग्रामाच्या कार्यालयांत एका झांकणाच्या पिंपांत वेगळीं जमवून परवानाधारकांकडे सोंपवावींत. हें काम आमच्या तरुणांनीं अंगावर घ्यावें.

कबुली ही कीं, आम्हांस ठाऊक असलेले नाले, रात्रींचीं वाहनें, मुक्या विहिरी ह्यांविषयीं आपण बोलावें. आप्त गुंतला असला तरीही. आणि भरपाई ही कीं, जेथें तिवरें तुटलीं तेथें तीं पुन्हां वाढूं द्यावींत, जेथें गाळ उपसणें अटळ असेल तेथें तो आधीं तपासून घ्यावा, व ज्या कुटुंबांची मासळी तपासणींत अडेल, त्यांच्या चुलीची काळजी सर्व धर्मग्रामानें वाहावी. ह्या निधीस आमच्या त्या चार वर्षांच्या भाड्याची रक्कम आम्ही आज पूज्य धर्मगुरूंच्या स्वाधीन करीत आहों. हें दान नव्हे, देणें आहे.

राखेच्या बुधवारीं आपल्या कपाळास राख लागते, आणि आपण मातीचे आहों व मातींतच जाणार आहों ह्याची आठवण आपणांस दिली जाते. त्या मातीस आपण काय खाऊं घातलें, हा प्रश्न ह्या ज्युबिलीच्या वर्षीं आपण स्वतःस विचारूं या. आणखी पन्नास वर्षांनीं कोणी ह्या खाडींत नळी रोंवील. आपला गाळ तेव्हां हातभर खोल गेलेला असेल. त्यावरच्या थरांत विष कमी होत गेलेलें त्यास दिसावें, आणि ह्याच सुमारास ह्या लोकांनीं आपला हिशेब चुकता करण्यास आरंभ केला, असें त्यानें म्हणावें, एवढीच आमची इच्छा आहे.

धन्य कुमारी मरिया व आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया ह्यांच्या मध्यस्थीनें परमेश्वर आपणांस ती सुबुद्धि व तें बळ देवो. आमेन.